"मी बसून राहीन, तुम्ही फिरा": मार्चच्या गारठ्यात कुठलं शहर निवडायचं?

ताई, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्हा चौघांची एकदाची सुट्टी जुळलीये. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७१, गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत, सपाटीवर हळूहळू चालतात. सहा रात्री, युरोपातलं एकच शहर, धावपळ नको, एवढं ठरलंय आणि पुढे सगळं अडलंय. नवऱ्याला ट्यूलिपसाठी ॲमस्टरडॅम हवंय, लेकीला पॅरिस, मी कधीपासूनचे प्रागचे फोटो सेव्ह करून ठेवलेत. सासूबाई म्हणतात, कुठेही चला, मी बसून राहीन, तुम्ही फिरा, फक्त गारठा फार नको. रोज वेदर ॲप बघून डोकं फिरलंय. काय करू?
ता.क. छत्री न्यायची की रेनकोट?
– चौघांत अडकलेली

अगं अडकलेले,

सगळ्यात आधी ते वेदर ॲप बंद कर. इतक्या आधी त्यात तारखेपुढे जे ढग आणि सूर्य दिसतात ना, तो बहुतेक वेळा अंदाज नसतोच, मागच्या बऱ्याच वर्षांची सरासरी त्या तारखेला चिकटवलेली असते, आणि भरवशाचा अंदाज म्हणशील तर तो निघायच्या आठवडाभर आधी मिळतो, तोवर तिकिटं कधीच काढून झालेली असतात. आकड्यांचा उपयोग आहे, पुढे सांगते, पण शहर त्यावर ठरत नाही.

शहर ठरवणारी गोष्ट तुझ्या पत्रातच आहे आणि तू ती एका ओळीत गुंडाळून पुढे गेलीस. सासूबाई म्हणतात मी बसून राहीन, तुम्ही फिरा. आपण हे ऐकतो, आपल्याला वाटतं किती समजूतदार, आणि प्लॅन करताना साफ विसरतो की म्हणजे सहा दिवस एक माणूस कुठेतरी बसलेलं असणार आहे. आणि थंडी चालणाऱ्याला लागत नाही गं, बसणाऱ्याला लागते. आठ डिग्रीत तू आणि नवरा वीस मिनिटं भराभर चाललात की जॅकेटची चेन उघडाल, लेक तर जॅकेट काढून कमरेला बांधेल, आणि त्याच आठ डिग्रीत दगडी बाकावर अर्धा तास तुमची वाट बघत बसलेल्या बाईचे गुडघे असे आखडतील की उठवायला दोघं लागतील. चालताना स्नायू ऊब तयार करत असतात, बसलं की ते काम मंदावतं आणि वर खालचा दगड अंगातली ऊब ओढून घेतो ते वेगळंच. म्हणून अशा घरांसाठी मी एकच प्रश्न विचारते, की सगळ्यात जास्त बसणारं माणूस सकाळी अकराला कुठे बसेल आणि संध्याकाळी पाचला कुठे बसेल? ज्या शहरात ह्याचं चांगलं उत्तर मिळतं तिथे जायचं, बाकीचे तिघं कुठेही मजा करतातच.

आता ते आकडे. मार्च महिन्यातल्या दुपारच्या कमाल तापमानाची सरासरी ढोबळ अशी, प्राग ८-९, ॲमस्टरडॅम ९-१०, व्हिएन्ना १० च्या आसपास, पॅरिस १२, रोम १६, सेव्हिल २१-२२. पण हे पूर्ण महिन्याचं आहे आणि मार्च हा महिना सुरुवातीला हिवाळा आणि शेवटी वसंत असतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या आठवड्यासाठी प्रत्येकातून एखादी-दोन डिग्री मनातल्या मनात वजा कर. शिवाय कमाल म्हणजे दुपारचे दोन-तीन तास, सकाळी नऊला हॉटेलच्या दाराबाहेर पाय टाकशील तेव्हा तो आकडा कुठेच नसतो.

आणि वारा! वाऱ्याचं कोणी बघतच नाही. उत्तर अमेरिकेत विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त लागते ते, काढायचं जे सूत्र वापरतात त्याने हिशोब केला तर ५ डिग्री तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते ० डिग्रीसारखं लागतं. ताशी ३० म्हणजे वादळ नव्हे, सपाट आणि समुद्राजवळच्या शहरात असा वारा अगदी नेहमीचा. म्हणून १२ डिग्रीचं आडोशाचं शहर ९ डिग्रीच्या वाऱ्याच्या शहरापेक्षा नुसतं तीन डिग्रीने उबदार नसतं, फरक त्याहून बराच मोठा असतो.

आता एकेकाचं म्हणणं घेते. नवऱ्यापासून सुरुवात, कारण ते सोपं आहे. ट्यूलिप बघायचे म्हणजे लोकांच्या डोक्यात कॉयकेनहॉफ हे ट्यूलिपचं मोठं उद्यान असतं, ते मुळात ॲमस्टरडॅममध्ये नाहीच, लिसे नावाच्या गावात आहे, आणि वर्षातून फक्त आठेक आठवडे उघडतं, २०२४ मध्ये २१ मार्च ते १२ मे, २०२५ मध्ये २० मार्च ते ११ मे. तुम्ही पहिल्या आठवड्यात पोचणार, म्हणजे गेटला कुलूप. आणि शेतांमधले ते रंगीत पट्टे, जे फोटोत असतात, ते साधारण एप्रिलच्या मध्याला. मार्चच्या सुरुवातीला तिथे बागांमध्ये क्रोकसची छोटी छोटी फुलं येतात, छान असतात, पण त्यासाठी कोणी विमानात बसत नाही. त्यात तिथली कालव्याकाठची जुनी घरं अरुंद आणि जिने असे उभे की लेकीलासुद्धा हाताने धरून चढावं लागेल, आणि छोटी हॉटेलं अशाच घरांमध्ये असतात, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. बसायचं म्हणशील तर काचेने बंद केलेली कालव्यातली बोट मस्त, राइक्सम्युझियम मस्त, पण ह्या दोन गोष्टींवर सहा दिवस निघत नाहीत. नवऱ्याला सांग, ॲमस्टरडॅम कॅन्सल नाही, एप्रिलवर ढकललंय.

फुलांचा विषय निघालाच आहे तर तो एकदा संपवून टाकते, कारण लवकरच्या वसंतात जाणाऱ्या दहापैकी सात पत्रांत तेच असतं. फुलांना कॅलेंडर कळत नाही. टोकियोत चेरीचा पहिला बहर २०२३ मध्ये १४ मार्चला जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी २९ मार्चला. पंधरा दिवसांचा फरक! झाडाला आधी पुरेशी थंडी मिळावी लागते आणि मग पुरेशी ऊब साठावी लागते, दोन्हीचा हिशोब जुळला की कळ्या उमलतात, तुमच्या रजेच्या अर्जाशी त्याचा संबंध नाही. वॉशिंग्टनचंही तेच, तिथली चेरीची झाडं टोकियोने १९१२ मध्ये भेट दिलेली, सहसा मार्चच्या शेवटी नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला फुलतात. म्हणून फुलं बोनस समजायची, फुलांसाठी शहर ठरवायचं नाही, निदान ज्यांच्या तारखा हलत नाहीत त्यांनी तरी नाही.

तुझं प्राग. मला कळतंय, ते फोटो मीही बघितलेत. पण सुरुवातीच्या मार्चमध्ये रात्री पारा शून्याच्या आसपास, दिवसा ढगाळ, आणि खाली सगळीकडे ओबडधोबड दगडी फरसबंदी, जी गुडघ्यांची परीक्षाच बघते. चार्ल्स ब्रिज अर्धा किलोमीटर लांब आहे, वर छप्पर नाही, नदीवरचा वारा थेट अंगावर, आणि तो पूल काही धावत पार करायची गोष्ट नाही, रमतगमत जायचं तर तिथे दोन मिनिटं उभं राहिल्यावरच सासूबाई म्हणतील चला आता. किल्ल्यावर ट्राम जाते, २२ नंबरची, पण वर पोचल्यावर पुन्हा अंगणं, उतार आणि दगड. प्राग मे महिन्यात जा, नाहीतर सप्टेंबरमध्ये जा, आणि शक्य असेल तर तू आणि नवरा दोघंच जा. हा वेगळा सल्ला, ह्याचे पैसे नाही लावत.

लेकीचं पॅरिस मी इतकं पटकन उडवून लावणार नाही, कारण पावसाळी दिवसासाठी ह्याहून चांगली शहरं फार नाहीत. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम सोमवारी बंद, एवढं लक्षात ठेवलं की रोज कुठेतरी उबदार छप्पर आहेच. अडचण दोन. एक म्हणजे तिथली मेट्रो १९०० सालापासूनची, बहुतेक स्टेशनांत जिनेच जिने, अख्खी लिफ्टने जाता येईल अशी लाइन म्हणजे १४ नंबरची, त्यामुळे सासूबाईंना घेऊन बसनेच फिरावं लागेल, जे तसं वाईट नाही, बसून शहर दिसतं, पण वेळ खूप जातो. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती ही, की पॅरिसचं बसणं म्हणजे कॅफेच्या बाहेर फुटपाथवरच्या खुर्च्या, पूर्वी थंडीत तिथे डोक्यावर गॅसचे हीटर लावायचे, ते फ्रान्सने २०२२ च्या वसंतापासून बंद केलेत. बाहेरच्या खुर्चीत आता जी हवा असेल ती. आत बसता येतंच, पण जेवायच्या वेळी आतली टेबलं भरलेली असतात. पॅरिस पास होतं, पण काठावर.

पत्रात नसलेलं एक शहर मी आणते, व्हिएन्ना. तापमानात ते प्रागच्या अगदी जवळ, वाराही भरपूर, म्हणजे नुसते आकडे बघशील तर तू पुढे स्क्रोल करशील. पण बसायच्या जागांमध्ये त्याला तोड नाही. तिथलं कॉफीहाउस म्हणजे एक कॉफी मागवा आणि दोन तास बसा, कॉफी छोट्या चकचकीत ट्रेमध्ये येते, शेजारी पाण्याचा ग्लास, लाकडी दांड्याला लावलेली वर्तमानपत्रं, आणि वेटर बिल आणून टेबलवर आपटत नाही, तुम्ही मागाल तेव्हाच देतो. ह्या कॉफीहाउस संस्कृतीला ऑस्ट्रियाने २०११ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलंय, म्हणजे बसून राहणं तिथे अधिकृत आहे म्हण ना. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये चित्रांच्या दालनांत मधोमध चांगले मऊ सोफे आहेत, एकावर टेकून समोर ब्रॉयगेलचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं १५६५ सालचं चित्र बघत बसायचं, बर्फ चित्रात आणि आपण उबेत. शहरात फुलपाखरांचं एक काचेचं घर आहे, आत विषुववृत्तासारखं दमट आणि उबदार, चष्म्यावर लगेच वाफ धरते. भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांना लिफ्ट. आणि संध्याकाळी ऑपेराचा सीझन चालू. वाईट हवेसाठी मी डोळे मिटून व्हिएन्ना सांगते.

पण तुमच्यासाठी माझं पहिलं नाव व्हिएन्ना नाही. कारण सासूबाई सहा दिवस आत बसायला एवढ्या लांब येणार नाहीत, त्यांना बाहेर बसायचं असणार, माणसं बघत, उन्हात. त्यासाठी दक्षिणेला जावं लागेल, आणि दक्षिणेची एक गोम आहे ती आधी ऐक.

दक्षिणेकडची शहरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. जाड भिंती, फरशी, बारीक खिडक्या, सावलीच्या गल्ल्या, सगळी तयारी उन्हाशी लढायची, आणि हिवाळाभर ते दगड फ्रिजसारखे गार होऊन बसलेले असतात. उत्तरेकडे बाहेर तीन डिग्री असले तरी खोलीत टी-शर्टवर बसता येतं, आणि लिस्बनमध्ये बाहेर सतरा डिग्रीचं गोड ऊन असतं आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये आत गेलात की स्वेटर चढवावा लागतो, कारण बऱ्याच जुन्या घरांत सेंट्रल हीटिंगच नाही. आम्ही उबदार शहरात गेलो आणि तिथेच सगळ्यात जास्त कुडकुडलो, असं लोक येऊन सांगतात ते ह्यामुळे, बाहेर नाही, रात्री खोलीत. म्हणून दक्षिणेला शहर कुठलंही घ्या, अपार्टमेंट घेऊ नका, हॉटेल घ्या, आणि बुक करायच्या आधी त्यांना मेल करून तीन गोष्टी सरळ विचारा. मार्चमध्ये खोलीत हीटिंग चालू असतं का आणि ते आपल्याला कमीजास्त करता येतं का? लिफ्ट आहे का? आणि लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या आहेत? हा तिसरा प्रश्न विचारायचाच, जुन्या इमारतींत दारातून आत गेलं की चार-पाच पायऱ्या चढल्यावर लिफ्ट सुरू होते आणि वेबसाइटवर मात्र लिफ्ट आहे असं बिनधास्त लिहिलेलं असतं.

लिस्बन तसंही तुमच्यासाठी बाद, सगळं शहर चढउताराचं आणि फुटपाथला गुळगुळीत छोटे दगड, पाऊस पडला की घसरगुंडी. बार्सिलोनाचा मोह होईल, पण समुद्र हिवाळ्यात हळूहळू गार होत जातो आणि भूमध्य समुद्र सगळ्यात थंड असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्येच, त्यामुळे किनाऱ्यावरची शहरं वसंतात उशिराच तापतात आणि बीच नुसता बघायचा. अथेन्स वाईट नाही, पण तिथले फुटपाथ आणि ॲक्रोपोलिसचा घासून गुळगुळीत झालेला संगमरवर डोळ्यासमोर आणून मग काय ते ठरव. बोलोन्याचं नाव मी फक्त जाता जाता घेते, तिथे शहरभर मिळून ६२ किलोमीटरच्या कमानी पडव्या आहेत, २०२१ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून घेतल्या, धो धो पावसातही छत्री न उघडता फिरता येतं, पण ते चालणाऱ्यांचं शहर, बसणाऱ्यांचं नाही.

तर दक्षिण स्पेनमधलं सेव्हिल. समुद्रापासून आत, ग्वादलकिवीर नदीच्या सपाट खोऱ्यात, त्यामुळे ऊन आलं की शहर पटकन तापतं, आणि गुडघ्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट, मधलं जुनं शहर जवळपास सपाट. रस्त्यारस्त्यावर संत्र्याची झाडं, मार्चमध्ये त्यांना फुलं यायला लागतात, पहिल्या आठवड्यात मिळतील की नाही सांगता येत नाही (फुलांचं वर बोललोच), पण आली तर गल्लीत शिरताना वास आधी येतो. झाडाला लटकलेली संत्री मात्र खाऊ देऊ नकोस कोणाला, कडूजहर असतात, ती मुरंब्याची जात.

सासूबाईंची पाच वाजताची जागा मी आत्ताच सांगते. प्लाझा दे एस्पान्या, १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेली प्रचंड अर्धगोल इमारत, आणि तिच्या पायथ्याशी ओळीने ४८ कोनाडे, स्पेनच्या प्रांतांचे, प्रत्येकाला रंगीत टाइल्सची बाकं, प्रांताचा नकाशा आणि तिथल्या इतिहासातला एखादा प्रसंग टाइल्सवर रंगवलेला. ह्या अर्धगोलाचं तोंड नदीकडे म्हणजे पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन बाकांवर येतं आणि पाठीला इमारतीचा आडोसा राहतो. समोर कालव्यात छोट्या होड्या, लोक, फोटो काढणारी मुलं, बघत बसायला भरपूर. फक्त टाइल म्हणजे टाइल, गार ती गारच, म्हणून बॅगेत एक घडीची फोमची बैठक ठेव, ट्रेकवाले वापरतात ती, वजन काही नाही आणि फायदा एका स्वेटरएवढा. ही एक वस्तू नेलीस तरी माझा सल्ला वसूल.

दिवस मात्र तिथे उलटा लावायचा. स्पेन नकाशावर पश्चिमेला पण घड्याळ मध्य युरोपचं, १९४० पासून, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला सेव्हिलमध्ये सूर्य उगवतो पावणेआठच्या सुमारास आणि डोक्यावर येतो दीड वाजून गेल्यावर. म्हणजे आपण घड्याळात दहा बघून बाहेर पडतो तेव्हा उन्हाच्या हिशोबात जेमतेम साडेआठ झालेले असतात, आणि सगळ्यात उबदार वेळ असते चार-पाचची. संध्याकाळी सातनंतरही उजेड असतो. तर सकाळी घाई करायची नाही, निवांत नाश्ता, अकराला कुठेतरी छपराखाली आणि दुपारी दोननंतर बाहेर. बहुतेक टूरवाले ह्याच्या बरोब्बर उलटं करतात, सकाळी बाहेर फिरवतात आणि चांगलं ऊन आल्यावर म्युझियममध्ये कोंबतात.

अकराची छपराखालची जागा म्हणजे कॅथेड्रल. आत दगडाचा गारवा बाहेरपेक्षा जास्त लागतो, तेव्हा शाल हातात ठेवा. कोलंबसची कबर आहे, स्पेनच्या जुन्या चार राज्यांचे चार दूत खांद्यावर शवपेटी घेऊन उभे असावेत अशी, लेकीला आवडेल. आणि शेजारचा हिराल्दा मनोरा, १०४ मीटर उंच, पण त्यात जिना नाही गं! आत उतारच उतार, वळणावळणाने ३५ उतार, जुन्या काळी घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून असं बांधलं म्हणतात, पायऱ्या काय त्या अगदी शेवटी थोड्याशा. सासूबाईंनी हट्टाने वरपर्यंत जाऊ नये, उतरताना उतारही गुडघ्यावर येतो, पण चार-पाच वळणं हळूहळू चढून मधल्या खिडकीतून खालचं अंगण बघून परत फिरता येतं, आणि मनोरा चढले हे नंतर सांगायला तेवढं पुरतं. अल्काझार म्हणजे तिथल्या राजवाड्याचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढ आणि दुपारचं काढ, त्याच्या बागा उन्हातच बघायच्या.

पावसाचं काय? पडू शकतो. सरासरी बघून निर्धास्त राहू नकोस, २०२५ चा मार्च स्पेनमध्ये इतका ओला गेला की लोक सुट्टीभर छत्रीखालीच होते. तसं झालं तर एक दिवस ट्रेनने कोर्दोबा करा, वेगवान गाडीने पाऊण तास, आणि तिथली मेस्कीता ही जुनी मशीद म्हणजे ८५६ खांबांचं एकाच छताखालचं जंगल, लाल-पांढऱ्या कमानी एकामागे एक, पावसात आत कितीही वेळ काढा. स्टेशनवरून टॅक्सी करा, चालत जायला लांब पडतं. एरवी खरं सांगायचं तर सलग चार दिवस पाऊस लागला तर सेव्हिलपेक्षा व्हिएन्नाच बरं, हे मान्य. पण तुमच्या सहा दिवसांतले चार तरी उन्हाचे जातील ह्यावर मी पैज लावेन, आणि व्हिएन्नात मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर बसायचे चार दिवस मिळतील ह्यावर नाही लावणार.

लांबून येताना थेट विमान मिळालं नाही तर माद्रिदला उतरून आतोचा स्टेशनवरून ट्रेन, अडीच-तीन तास, ही लाइन स्पेनची पहिली वेगवान रेल्वे, १९९२ ची. फक्त विमान आणि ट्रेनच्या मध्ये चांगले चार तास ठेवा, म्हाताऱ्या माणसाला घेऊन प्लॅटफॉर्मवर पळायची वेळ यायला नको. आणि तुमच्या तारखा पुढे सरकल्या तर आधी ईस्टर कधी आहे ते बघ, तो २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो, २०२७ मध्ये २८ मार्चला आहे, आणि त्याच्या आधीचा आठवडा सेव्हिलमध्ये मिरवणुकांचा, रस्ते बंद, हॉटेलं अवाच्या सवा. बघण्यासारखं असतं, पण बसणाऱ्या माणसाला घेऊन नाही. पहिल्या आठवड्यात ही भानगड नाही.

घरात हे कसं मांडायचं तेही सांगते, कारण तुझी खरी अडचण थोडी तीही आहे. चार नावांवर मतदान घेऊ नकोस, प्रत्येकजण आपलंच नाव धरून बसेल. सासूबाईंना त्यांच्यासमोरच विचार की तुम्हाला दिवसभर कुठे बसायला आवडेल, गरम खोलीत कॉफी घेत की उन्हात बाकावर, आणि त्या जे म्हणतील त्यावरून व्हिएन्ना किंवा सेव्हिल ठरव. "कुठेही चालेल" म्हणाल्या तर ते उत्तर धरायचं नाही, पुन्हा विचार. नवऱ्याला एप्रिलचे ट्यूलिप कबूल कर. लेकीला पॅरिस बाय-बाय म्हणायचं तर बदल्यात एक अख्खा दिवस तिच्या हातात दे, रूट तिचा, वेळापत्रक तिचं, नववीतल्या मुलीला शहर कुठलं ह्यापेक्षा आपल्याला कोणी विचारतंय हे जास्त लागतं.

कपड्यांचं थोडक्यात, एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन पातळ थर, कारण सकाळी आठ डिग्री आणि दुपारी वीस हे एकाच दिवसात होणार, आणि सासूबाईंना आतून लोकरीची पातळ थर्मल पँट, गुडघ्यांना तीच राखते. बूट रबरी तळाचे, नवे घ्यायचे असतील तर आत्ताच घेऊन घरात वापरायला सुरुवात करा.

तुझ्या ता.क. चं उत्तर: रेनकोट, टोपीवाला, चौघांना. छत्री वाऱ्यात उलटी होते आणि सासूबाईंना एक हात धरायला मोकळा लागेल, तुझाही आणि त्यांचाही.